प्रावरणाचा ताळा

मी, योहान शामुवेल भिंगारदिवे, वय ५७, बी. कॉम., राहणार केडगाव, जिल्हा अहिल्यानगर, पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि कोणाच्याही दडपणाविना माझी अखेरची इच्छा लिहून ठेवतो. प्रकृती उत्तम आहे; कागद मात्र वेळेत झालेला बरा.

१. राहते घर व सर्व ठेवी पत्नी सौ. दया हिला. गच्चीवरच्या खोलीतील पंख्यांच्या घरघरीबद्दल तिने नऊ वर्षांत एकदाच तक्रार केली, याची नोंद असावी.

२. त्या खोलीतील चारही संगणक, इन्व्हर्टर व बॅटऱ्या कन्या आराधना हिला; या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. या संगणकांवर मी पृथ्वीच्या प्रावरणाचे, म्हणजे कवच आणि गाभा यांमधील खडकाचे, प्रतिरूप चालवतो. हा खडक घन असूनही अब्जावधी वर्षांत आधणाच्या पाण्यासारखा वर-खाली फिरतो. माझा प्रश्न एवढाच होता: तळाशी असलेला वेगळ्या घडणीचा जड खडक या फिरण्यात मिसळून संपतो, की ढीग होऊन टिकतो?

३. माझी चूक मी लपवत नाही. जड खडक मी वीस लाख ठिपक्यांनी दाखवला होता. दर फेरीत काही ठिपके कमी भरत. वाणिज्य पदवीधराच्या सवयीने मी तफावत ‘सस्पेन्स’ खाती टाकली. म्हणजे कारण न शोधता तेवढे ठिपके तळाशी पुन्हा भरले. ताळा जुळला. दोन देखणे ढीग उभे राहिले. आठ महिने मी ते आल्या-गेल्याला दाखवले. मग आराधनाने विचारले, "पप्पा, हे ढीग पृथ्वीने केले की तुम्ही?"

त्या दिवशी मी जेवलो नाही.

तळाच्या सीमेला टेकलेले ठिपके बाहेर पडले असे समजून माझा प्रोग्राम ते वगळत होता. ती ओळ दुरुस्त केली, भरणा बंद केला आणि आरंभापासून पुन्हा चालवले. दोनशे चौदाव्या दिवशी साडेचार अब्ज वर्षे पूर्ण झाली. वीस लाख घातले होते, वीस लाख निघाले. आणि ढीग, दोन्हीच्या दोन्ही, जागेवर होते! परदेशातील एका विद्यापीठाने आपल्या मोठ्या संगणकावर तेच चालवून ‘जुळते’ असे कळवले. ते पत्र भिंतीवरून उतरवू नये. चुकीच्या आठ महिन्यांची फाईल त्याच्याखालीच ठेवावी.

४. मेहुणे रॉबिन पाटोळे नऊ वर्षे आमच्याकडे जेवायला बसले की विचारतात, "दाजी, तीन हजार किलोमीटर खालचं दिसतं तुमाला, अन् अंगणातली बोर का कोरडी, ते न्हाई दिसत व्हय?" त्यांना मी काहीही देत नाही. रागाने नव्हे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही दिले तर ते देणे बाद ठरते, आणि साक्षीदार मला तेच हवे आहेत. कायद्याला त्यांची सही पुरते. मला पुरत नाही. कलम तीन त्यांनी सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावे, मग सही करावी.

स्थळ: केडगाव
दिनांक: १४ जून २०२५
(सही) यो. शा. भिंगारदिवे

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:

१. सुनील रंगनाथ ठुबे, शेजारी

२. रॉबिन पाटोळे. मोठ्याने वाचलं. ‘वीस लाख’ दाजींनी दोनदा वाचायला लावलं. ठिपके बरोबर हायेत, दाजी जिंकले. बोर अजून कोरडी हाय.