येळवसाची जीप

बेंबळी,
२६ जानेवारी १९७५

प्रिय चांगुणा,

माझी आधीची दोन्ही पत्रं तू न फोडता परत पाठवलीस. तुझा बाबूदादा एसटीत कंडक्टर झाल्यापासून आपली पत्रं त्याच्याच बॅगेतून यायची-जायची. आता त्याच बॅगेतून माझे लखोटे मला परत मिळतात, अन् वर निरोप, की त्याला म्हणावं विसर मला. विसरायचं का नाही ते मी बघीन. पण यंदाच्या येळवसाला काय झालं ते तुला एकदा ऐकून घ्यावंच लागेल. दोन आठवडे माझं डोकं तापलेलं आहे. परवा आईनं जेवायला वाढलं तर मी ताट भिंतीवर मारलं, अन् तिच्यासमोर बसून शितं वेचली ती पण मीच.

वीरभद्र सकाळी आठलाच बेंबळीत जीप घेऊन आला. दूध संघाची जीप, ज्या संघात तो कारकून आहे. मागं गोरोबा बसलेला, मास्तर झाल्यापासून कडक इस्त्रीचा सदरा घालतो. बेंबळी ते मुरुमचं कल्याणप्पाचं रान म्हणजे सत्तर-ऐंशी किलोमीटर, अन् रस्ता कसा आहे ते तुला मी काय सांगावं. दोन्ही अंगाला शाळू छातीइतका उभा, करडई, हरभरा, गावंच्या गावं रिकामी होऊन रानात निघालेली. बायकांच्या डोक्यावर आंबिलीची मडकी, बैलगाड्यांत पोरं. जीप दिसली की लोक हात करत होते, या येळवसाला, या जेवून जा. ओळख ना पाळख. वेळ अमावस्येच्या या एका दिवशी रानातून जाणाऱ्याला न जेवता जाऊ द्यायचं नाही, ही आपल्या भागाची रीत. गोरोबा म्हणाला, दर बांधावर उतरलो तर मुरुमला पुढच्या येळवसाला पोचू. आम्ही हसलो. मी पण हसलो, ते आता आठवलं की थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

लोहाऱ्याच्या अलीकडचा तुकडा आला तेव्हा मी बाहेर वाकून रस्ता बघायला लागलो. तिथली खडी आपण फोडलेली आहे, चांगुणा. बहात्तर सालची. तू सुट्टीत आईबरोबर कामावर यायचीस, मी कॉलेज अर्ध्यात टाकून आलो होतो. पुढं परत गेलो तर हजेरी भरत नाही म्हणून परीक्षेचा फॉर्म घेईनात, तेव्हा मी तो तिथंच फाडून टेबलावर ठेवला अन् तू आठ दिवस माझ्याशी बोलली नाहीस. त्या दुष्काळातला येळवस आठवतो का? कल्याणप्पाच्या रानात एक हिरवं पान नव्हतं. पूजेची कोप करायला कडबा नाही म्हणून आपण बाभळीच्या फांद्या रोवल्या अन् त्यातच पाच दगडांना चुना लावून पूजा केली. रेशनच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी तू बांधून आणलेली. कल्याणप्पाच्या आईनं, लक्ष्मीबाईंनी, पहिली आंबील तुझ्या हातावर घातली अन् म्हणाल्या, लेकीचा मान पहिला. एका मडक्यातून आपण पाचही जण प्यालो, तू, मी, वीरभद्र, गोरोबा अन् कल्याणप्पा. तेव्हा कुणाची जात आडवी आली नाही. आता पीक आलंय, संघ आलाय, संघाची निवडणूक आलीय, अन् माणसं सोवळी झाली आहेत.

कारण त्याच तुकड्यावर वीरभद्र स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणाला, यंदा तिला निरोप दिलेला नाही. कल्याणप्पाचे वडील संचालक व्हायला उभे आहेत, रानात चार गावची माणसं जेवायला येणार, उगाच कशाला चर्चा. मी गोरोबाकडं बघितलं. तो म्हणाला, "येळवसाला कुणी बोलावणं धाडतं व्हय? यायचं असंल तर यील." बघ कसं आहे. ज्या रीतीनं वाटेवरच्या अनोळखी माणसाला हाक मारायची, तीच रीत पुढं करून तुला वगळलं. बोलावलं नाही कारण कुणालाच बोलावत नाहीत. अन् तू न बोलावता जाणार नाहीस हे तिघांनाही पाठ होतं. मला आधी माहीत नव्हतं, देवाशपथ. माझ्या शेजारची जागा मी तुझ्यासाठीच धरली होती.

मी तेव्हा काय बोललो ते पुढं लिहितो. आधी मुरुमचं ऐक.

कोपीभोवती शंभर माणूस. भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, सगळं होतं. आप्पा, म्हणजे कल्याणप्पाचे वडील, प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवत फिरत होते. माझ्याही ठेवला. लक्ष्मीबाईंनी आम्हाला बघितलं अन् आमच्या पाठीमागं जीपमध्ये डोकावल्या. म्हणाल्या, "माझी पोरगी कुठंय रं?" त्या माउलीला कुणी काही सांगितलंच नव्हतं. कल्याणप्पा पुढं होऊन म्हणाला, ती आली न्हाय, तिचं काहीतरी काम निघालं. मी त्याची गचांडी धरली. पत्रावळी पायाखाली गेल्या, लोक उठले. तोंडाला येईल ते बोललो, कोणत्या तोंडानं आंबील पितोस म्हणालो, बापाच्या खुर्चीसाठी मैत्रीण विकलीस म्हणालो. फार बरं वाटत होतं, तुला खोटं कशाला सांगू.

मग वीरभद्र मागून शांतपणे म्हणाला, "लोहाऱ्यात का गप बसलास मग?"

माझा हात आपोआप सुटला. लोहाऱ्याच्या स्टँडवर तू उभी होतीस. निळं लुगडं, हातात फडक्यात बांधलेला डबा. न बोलावता तू आली होतीस, आयुष्यात पहिल्यांदा. तू हात वर केलास. वीरभद्रानं वेग कमी करून आरशातून माझ्याकडं बघितलं, कारण मी म्हणालो असतो तर तो थांबला असता. मी नुसतं थांब म्हणायचं होतं. आप्पांनी मला बेंबळीच्या दूध केंद्रावर नेमायचा शब्द दिला होता, ते आठवलं, अन् मी मान वळवून पलीकडच्या शाळूकडं बघत राहिलो. नोकरी मी नको म्हणून कळवलं आहे, पण त्यानं स्टँडवरचं काही पुसलं जात नाही. हे मी तुला लिहिणार नव्हतो. आधीच्या दोन पत्रांत लिहिलंही नव्हतं, तिथं सगळ्यांना शिव्या होत्या, मी सोडून. पण काल बाबूदादानं लखोटा परत देताना सांगितलं, की घरी तू अजून माझी बाजू राखतेस. त्या दिवशी दुपारीच परत कशी आलीस असं तुझ्या वडिलांनी, व्यंकटकाकांनी, विचारलं, तर तू म्हणालीस, जीप भरून गेली होती, पोरांचा तरी काय दोष. रविवारी पहिल्या गाडीनं मी लोहाऱ्याला येतोय. तू काही बोलू नकोस, आत बसून रहा. काकांच्या समोर उभं राहून मीच सांगणार आहे, की जीप भरलेली नव्हती.

तुला हवा असो नसो, तुझाच
महारुद्र