मातागाल्पाचा चावीवाला आणि मी

मी, अहिल्या ठोसर-ग्रानादोस, वय अडुसष्ट, निवृत्त पाणीपुरवठा अभियंता, मूळची अमरावतीची, हल्ली राहणार मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलिना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांनी पोटातल्या गाठीला नाव दिले आहे आणि मला उन्हाळ्यापर्यंतची मुदत. डोके शाबूत असल्याचे त्यांच्याकडून लेखी घेऊन सोबत जोडले आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. घालायला घरात कोणी उरलेले नाही.

कलम १. वकिलांकडे इंग्रजी प्रत आहे. तीत फक्त मालमत्ता आहे आणि कोर्टाला तेवढी पुरते. ही मराठी प्रत माझी एकुलती एक मुलगी रीमा हिच्यासाठी. ती जर्सी सिटीत राहते. तिला मराठी वाचता येत नाही, आणि वडिलांची स्पॅनिशही येत नाही. ही दोन्ही आमचीच करणी. समोरच्या घरातली निधी सरनाईक हिने ही प्रत तिला वाचून सांगावी. निधीलाच मी व्यवस्थापक नेमते.

कलम २. माझे पती अन्सेल्मो ग्रानादोस हे फेब्रुवारी २०२३ मध्ये वारले. कायद्यापुरते ‘हे’ लिहिले. आम्ही एकमेकांना तूच म्हणत होतो, म्हणून यापुढे ‘तो’.

तो निकाराग्वातल्या मातागाल्पा या डोंगरातल्या शहराचा चावीवाला होता. रस्त्यातल्या झाकणाखाली लांब चावी घालायची, एका वस्तीचे पाणी बंद करायचे आणि दुसरीचे सोडायचे, हे त्याचे काम. १९८५ साली मी काही स्वयंसेवक अभियंत्यांबरोबर तिथे गेले, ते डोंगरावरच्या वस्त्यांना नळ द्यायला. देशात यादवी युद्ध चालू होते. आमच्याजवळ नकाशा नव्हता. पाण्याच्या कचेरीतल्या बाई म्हणाल्या, नकाशा हवा असेल तर अन्सेल्मोला बरोबर न्या.

दोन चौक आणि त्यांना जोडणारे दोन लांब रस्ते, एवढेच त्या शहराचे सपाट अंग. बाकी सगळे चढाचे. डिसेंबरात वरच्या मळ्यांतून ओल्या कॉफीचे ट्रक उतरत, कारण डोंगरावर ऊन पुरत नसे आणि कॉफी खालच्या मैदानात वाळवावी लागे. कोपऱ्याकोपऱ्यावर बाया कोवळ्या मक्याच्या जाड भाकरी केळीच्या पानात, ताज्या पनीरासारख्या चीजबरोबर देत. पाणी तीन-तीन दिवसांनी येई. आले की गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी ओरडे आणि सगळी गल्ली पिंपांकडे पळे. अमरावतीत मी हेच पाहत वाढले होते. मला तिथे परके वाटले नाही, याचे मलाच नवल वाटे.

अन्सेल्मो खणता खणता इतिहास सांगे. कॅथीड्रलपाशी काळ्या मडक्यांच्या खापऱ्या निघाल्या, तेव्हा म्हणाला, हे देऊळ बांधायला दगड आमच्या आदिवासी लोकांनी वाहिले. त्याच्या पणजोबांना तारायंत्राच्या तारा पाठीवर वाहायला लावले होते. १८८१ साली ते लोक उठले आणि शहरावर चालून आले; पणजोबा परतले नाहीत. पुढे जर्मन आले, कॉफी आली, जमिनी गेल्या. हे सगळे तो रागावून सांगत नसे. कोणत्या पाइपाला कुठे जोड आहे हे ज्या सुरात सांगे, त्याच सुरात सांगे.

१९८७ साली आम्ही लग्न केले. माझे थोरले बंधू गुरुनाथ यांनी पत्र पाठवले की, यापुढे या घरी पाण्याचा पेलाही मिळणार नाही. त्यांनी शब्द पाळला. आईच्या तेराव्यालाही मी दारातून परतले. माझ्या मालमत्तेपैकी त्यांना वा त्यांच्या वारसांना काहीही देऊ नये. त्यांनी मागितलेलेही नाही, पण लिहून ठेवायचे समाधान मला हवे आहे.

कलम ३. राहते घर रीमाला. तिने ते विकावे. मार्च १९८९ मध्ये मी पोटुशी असताना आम्ही इथे आलो. मला इथल्या रिसर्च ट्रँगल या उद्योगक्षेत्रात नोकरी मिळाली होती. विमानतळावर मी अन्सेल्मोला म्हणाले, “पाच वर्षं फक्त. मूल शाळेत जायच्या आत परत येऊ.” तो म्हणाला, मुलगीच होईल. पाच वर्षांनंतर प्रमोशन आले, मग घर, मग ग्रीन कार्डाचा अर्ज, मग रीमाची परीक्षा. तो दर वर्षी एकदाच विचारे, आणि मी दर वर्षी खरेच कारण देई. या घरात तो पंचवीसेक वर्षे राहिला, पण भिंतीत त्याने एकही खिळा ठोकला नाही. अशा घराची आठवण ठेवू नये.

कलम ४. बँकेतली शिल्लक रीमाला. त्यातून माझ्या आजारपणाची बिले आधी भागवावीत.

कलम ५. त्याची हत्यारे, म्हणजे पाने, आटे पाडायचे यंत्र आणि घरी वळवून घेतलेली लांब चावी, ज्याला हवी त्याने न्यावीत. इथल्या अपार्टमेंटांत तो नळदुरुस्ती करी. पुण्या-मुंबईहून नवी आलेली मुले त्याला अन्सेल्मो काका म्हणत आणि त्यांच्या बायका जेवून जायचा आग्रह करत. वरणभात त्याला आवडू लागला होता. त्या वर्षांत तो सुखी होता का, हे मी विचारले नाही.

त्याच्या एकोणीस वह्या आहेत. मातागाल्पाच्या जमिनीखालचा प्रत्येक पाइप, झडप आणि गळती त्याने आठवणीतून काढली आहे. कोणत्या घरात कोण, कोणाच्या अंगणात पिंप कुठे, तेही. २०१५ पासून त्याचा विसरभोळेपणा वाढत गेला, आणि २०१७ च्या जानेवारीत मी त्याला मातागाल्पाला नेले. अठ्ठावीस वर्षांनी. त्याच्या आईच्या घराच्या जागी मोबाइलचे दुकान होते. पाण्याच्या कचेरीत मी वह्या टेबलावर ठेवल्या. तिथल्या तरुणाने दोन पाने आदराने उलटली आणि सांगितले की आता पाणी दूरच्या खोऱ्यातल्या विहिरींतून पंपाने येते, जाळे नवे आहे, सगळे संगणकावर आहे. त्याने आम्हाला कॉफी दिली. त्याचे काही चुकले नाही.

बाहेर येऊन अन्सेल्मो एका कोपऱ्यावर उभा राहिला आणि बुटाने फरशी चाचपू लागला. झडप तिथेच होती, पण वर काँक्रीट झाले होते. बराच वेळ चाचपून म्हणाला, “अहिल्या, हे ते गाव नाही. मला घरी ने.” मी त्याला इथे आणले. दार उघडल्यावर तो तेच वाक्य पुन्हा म्हणाला.

वह्यांचे काय करावे हे मला कळत नाही. दोन विद्यापीठांना लिहिले. उत्तर आले नाही. रीमाला विचारले तर म्हणाली, “आई, व्हॉट वुड आय डू विथ देम?” प्रश्न बरोबर आहे. त्या रद्दीत द्याव्यात.

कलम ६. शेजारी वेदांत कारखानीस यांना काहीही नाही. एका दुपारी अन्सेल्मो चावी घेऊन बाहेर पडला आणि त्याने त्यांच्या मीटरच्या खड्ड्यात हात घालून पाणी बंद केले. खालच्या गल्लीची वेळ संपली, आता वरच्यांची पाळी, असे तो समजावत होता. आत त्यांच्या बाळाची आंघोळ चालली होती. वेदांतने पोलिसांना बोलावले. ज्या माणसाने त्याच्या पहिल्या अपार्टमेंटचा नळ फुकट बसवून दिला होता, तो फुटपाथच्या कडेला हात मांडीवर ठेवून बसला होता. वेदांत मला म्हणाला, “काकू, लायेबिलिटी आहे यार, समजून घ्या.”

मी समजून घेतले. दुसऱ्या दिवसापासून मी दाराला बाहेरून कुलूप लावू लागले, आणि वर्षभराने त्याला स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या निवासात ठेवले. हे वेदांतने केले नाही, मी केले. तरीही त्याला काही नाही.

कलम ७. माझे दहन करावे. अस्थी भारतात नेऊ नयेत, मातागाल्पालाही नेऊ नयेत. अन्सेल्मोच्या कबरीशेजारी माझ्यासाठी जागा राखलेली आहे. तिथे मला ठेवावे की नाही, हे कलम ८ ऐकून रीमाने ठरवावे. तिचा निर्णय अखेरचा.

कलम ८. यात मालमत्ता नाही.

ऑक्टोबर १९९८ मध्ये मिच वादळ आले. मातागाल्पाच्या नदीने काठचे पाइप उखडून नेले. शहरात पाणीच पाणी आणि प्यायला थेंब नाही. अन्सेल्मोची आई चेपिता वरच्या वस्तीत एकटी होती. दोन दिवस प्रयत्न केल्यावर फोन लागला. ती म्हणाली, मी बरी आहे, थोडा खोकला आहे, पण तुझ्याशिवाय कोणाला पाइप सापडत नाहीत. त्याने लगेच पिशवी भरली.

मी त्याचा पासपोर्ट ज्वारीच्या पिठाच्या डब्यात लपवला. नूतनीकरणासाठी वकिलांकडे पाठवलाय, असे त्याला सांगितले. कागदपत्रे नेहमी मीच बघत असे, म्हणून त्याने विश्वास ठेवला. आत्ता देश सोडला तर ग्रीन कार्डाचा अर्ज बुडेल, हे कारण माझ्याजवळ होते आणि ते खरेही होते. पण मी त्यासाठी लपवला नाही. तो गेला तर परत येणार नाही, म्हणून लपवला. तो रोज पोस्टाच्या पेटीपाशी जाऊन उभा राहत होता. तेराव्या दिवशी शेजारणीचा फोन आला की चेपिता न्यूमोनियाने गेली. त्यानंतर आठवड्याने मी पासपोर्ट टेबलावर ठेवला आणि म्हटले, आला. त्याने तो उचलला नाही. त्या वर्षापासून त्याने परतण्याविषयी विचारणे सोडले.

२०२१ च्या उन्हाळ्यात, त्या निवासाच्या बागेत, मी त्याला सगळे सांगितले. तो मला ओळखत नव्हता; म्हणूनच धीर झाला. एका बाईने आपल्या नवऱ्याचा पासपोर्ट लपवला, त्याची आई आजारी होती, असे मी सांगत गेले. त्याने अगदी मन लावून ऐकले.

“वाईट झालं,” तो म्हणाला. “त्या माणसाला कळवलं का?”

मी म्हणाले, “नाही.”

“मग कळवा, बाई. त्याची आई वाट बघत असेल.”

मी हो म्हणाले. परिचारिका आली आणि त्याला जेवायला घेऊन गेली. मी पुन्हा सांगायचा प्रयत्न केला नाही. आता तो नाही, चेपिता नाही, आणि कळवावे असे त्या शहरात कोणी राहिलेले नाही. रीमा, तू राहिलीस. तुला कळवले.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि एकही शब्द खोडलेला नाही.

लिहून देणार : अहिल्या ठोसर-ग्रानादोस (सही)

आमच्यासमक्ष सही झाली. आम्हा दोघांना या मृत्युपत्रान्वये काहीही मिळणार नाही :
१. राजाराम भास्कर पेंडसे (सही)
२. रेणू अनीश वझलवार (सही)

स्थळ : मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलिना
दिनांक : १८ मार्च २०२५