पुडी चालली न्हाय, म्हणून पोरगी

राजकोट,
ता. ७ फेब्रुवारी १९९९

ती. सौ. शालूअक्कास गणपतीचा नमस्कार. मी बरा हाय. तू, पोरं आन् म्हस बरी असशीला. दाजींचं विचारत न्हाय. ते मंगळवार पेठेतल्या एखाद्या कट्ट्याखाली सुखरूप असतीलच.

तुझं पत्र पोचलं. चंदगडची पोरगी ठरवलीस, साखरपुड्याला ये म्हणतीस. वर लिवलंस, "बायको आली की पिणं सुटतंय." वा अक्का! मागं म्हणालीस, गुजरातेत दारूबंदी हाय, तितं कामाला जा, आपोआप सुटंल. हितं फौंड्रीच्या मागच्या भिंतीवरनं पिशव्या आत येत्यात. कोल्लापुरात निदान दुकानापतोर चालाय तरी लागत हुतं.

त्याच्या आदी भिंतीवरची जाहिरात वाचून "पिणाऱ्याच्या नकळत" दारू सोडवायची पुडी आणलीस. दाजींच्या चहात घातलीस. दाजी आठवडाभर परसाकडं पळाले आन् बरं वाटल्यावर त्या खुशीत जास्तच प्याले. डॉक्टरला विचारायची मातर लाज. तुमची अक्कल तेवढीच. पुडी चालत न्हाय, तर पोरगी घाला.

म्हणून मी पोरीच्या बापाला फोन लावला. त्यांच्या गावच्या दुकानाचा नंबर तूच कळवलतास. म्हातारा आला. मी म्हटलं, "पावणं, मी नवरा मुलगा. मी पितो."

"आमाला ठावं हाय की."

"मग पोरगी कशी देताय?"

"थोरला जावई बी असाच हुता. दिली की."

"सुटली त्याची?"

"न्हाय. पर आमची पोरगी टिकून हाय!"

मी फोन आपटला. बूथवाला गुजरातीत बोंबलला.

टिकून हाय म्हणं. तू बी टिकून हाईस, अक्का. पुढचा दात गेल्यापास्नं तोंडावर पदर धरून हसतीस. दाजींच्या घरात तुला औषध म्हणूनच दिलती. आन् त्या वरातीत मी नाचलतो.

पायाचं विचारलंस. भाजलाय. लोखंडाचा रस ओतताना हात थरथरला. पिऊन न्हवं, सकाळची मिळाली न्हवती म्हणून. ह्ये तुमच्या डोस्क्यात शिरायचं न्हाय. सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं सरळ विचारलं, "किती पितोस?" मी शिवी हासडली. तिनं गोळ्या दिल्या आन् एक पत्ता दिला. शाळेच्या खोलीत सगळे बेवडे जमत्यात. एकेक जण उठून आपलं सांगतो. चहा पाणचट. बाकं बारक्या पोरांची, निम्मं ढुंगाण भाईर. पयल्या दिशी मी फिदीफिदी हसलो. आता रोज लंगडत जातोय.

तितनंच कळलं, आपल्या कोल्लापुरात शाहूपुरीत बी असंच जमत्यात. पिणाऱ्यांच्या बायका निराळ्या बसत्यात. सीपीआर दवाखान्यात चौकशी कर, पत्ता सांगतील. दाजींना वढत न्हेऊ नगंस, ते यायचे न्हाईत. तू जा. एकटी. "मला काय झालंय?" म्हणशील. तेच सांग तितं.

साखरपुडा मोड. लोक विचारतील, तर सांग, पोरगं दारुडं हाय. मोठ्यानं सांग. तुझ्या टायमाला आपल्या दारात येऊन कुणी एवढं बोललं असतं तर?

तुझा दारुडा भाऊ,
आज न प्यालेला,
गणपती