‘किंगलेट’ ट्रेलरची खरी लांबी आणि रकाना सात

प्रति,
मा. वाहन मालकी अधिकारी,
टॅमरॅक काउंटी वाहन नोंदणी कार्यालय,
हेमलॉक बे, मिशिगन.

विषय : ताब्यात घेतलेला ट्रेलर हा सोळा फुटी ‘किंगलेट’ (१९६२) हाच असल्याचे मान्य होऊन, तो १६ ऑक्टोबरला चेचला जाण्यापूर्वी परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले दि. ११ सप्टेंबर २०२३ चे पत्र. २) आपल्या खिडकी क्रमांक तीनवरचे माझे पाच हेलपाटे.

महोदय,

१. मी एल्मा हायकीनेन, वय ७९, राहणार बर्च स्ट्रीट. येथील शाळेचे स्वयंपाकघर मी छत्तीस वर्षे सांभाळले. माझे पती आर्व्हो हायकीनेन, धंद्याने वेल्डर, यंदा फेब्रुवारीत वारले. घर आता एकटीने उरकत नाही, म्हणून बहिणीचा मुलगा रेनो याच्याकडे तळ्याकाठी राहायला जाते आहे. सामानसुमान सगळे वाटून टाकले, फक्त गाडीमागे ओढायचा आमचा राहण्याचा ट्रेलर न्यायचा होता. ५ सप्टेंबर रोजी रेनो तो ओढून नेत असता मागचा दिवा बंद दिसल्यावरून पोलिसांनी अडवले. कागद आणि ट्रेलर जुळेनात, तेव्हा तो आपल्या आवारात नेऊन उभा केला.

२. सदर ट्रेलरची लांबी किती, याबाबत आपल्या कार्यालयातच एकमत नाही. मालकीच्या कागदावर सोळा फूट आहे. पहिल्या निरीक्षकांनी नुसती आतली राहण्याची खोली मोजली आणि साडेबारा फूट लिहिले. दुसरे निरीक्षक श्री. डेल्बर्ट प्रूएट यांनी गाडीला जोडायच्या पुढच्या दांड्यासकट मोजून साडेसतरा फूट लिहिले. आणि दांड्यावर ठोकलेला क्रमांक यंत्रात घातला, तर यंत्र सांगते की हा बावीस फुटी ‘बिटर्न’ असून तो १९७९ साली भंगारात निघाला. श्री. प्रूएट मला म्हणाले, “आजी, कागदोपत्री हा ट्रेलर मेलेला आहे. मेलेल्याला मी परत कसा देऊ?” गृहस्थ वाईट नाहीत, त्यांनी मला बसायला स्वतःची खुर्ची दिली. पण साडेबारा, सोळा, साडेसतरा आणि बावीस असे चार आकडे एकाच वस्तूचे असू शकत नाहीत, एवढे भात-बटाटे मोजणाऱ्या बाईलाही कळते.

३. वस्तुस्थिती अशी की, हे ट्रेलर बनवणारे कारखानदार मागच्या बंपरापासून पुढच्या दांड्याच्या टोकापर्यंत मोजून नाव देत. साडेबारा फुटांची खोली आणि साडेतीन फुटांचा दांडा मिळून ‘किंगलेट’ सोळा. १९८१ साली मूळ दांडा मोडला. माझ्या पतीने भंगारातल्या एका ‘बिटर्न’चा पाच फुटी दांडा कापून आणला आणि जोडला. म्हणून साडेसतरा. क्रमांक दांड्यावरच ठोकलेला असतो, त्यामुळे त्या मेलेल्या ट्रेलरचा क्रमांकही सोबत आला. तो घासून काढ, असे मी तेव्हाच म्हटले होते. पण एका कारागिराने ठोकलेला ठसा दुसऱ्याने घासायचा नाही, अशी त्याची रीत होती. त्या रीतीपायी आज मी आपल्या दारात उभी आहे.

४. पुरावा म्हणून मी सादर केले आहे की, स्वयंपाकाच्या ओट्याखालच्या तिसऱ्या खणाच्या तळाला कारखान्यातल्या सुताराने पेन्सिलीने ०४१८ लिहिले आहे. कपाटामागेही तेच आहे, आणि माझ्या मालकीच्या कागदावरही तेच आहे. रेनोने पाठीवर झोपून फोटो काढले. त्यावर उत्तर मिळाले की पेन्सिल ग्राह्य नाही. दांडा का बदलला हे दाखवणारा त्या काळचा सरकारी कागद हवा, नाहीतर ट्रेलर बेवारस धरून चेचण्यात येईल.

५. तसा कागद आहे. आपल्या खिडकीवरील कु. डोरी विक्स्ट्रम यांनी तो गेल्या मंगळवारी तळघरातून शोधून काढला. दि. ९ ऑगस्ट १९८१ चा शेरीफचा अपघात अहवाल. त्यात मॉडेल आहे, सोळा फूट आहे, ०४१८ आहे आणि ‘दांडा मोडून निकामी’ असेही आहे. बिचारी पोर आनंदाने म्हणाली, “झालं तुमचं काम आजी. इथे फक्त सही करा.” ती सही म्हणजे ‘जोडलेल्या अहवालातील संपूर्ण मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे’ अशी शपथ आहे. मी चष्मा विसरले असे सांगून घरी आले. चष्मा माझ्या नाकावर होता.

६. महोदय, अहवालाचा रकाना सात असा आहे : ‘ट्रेलर गाडीला कोणी जोडला’. त्यात माझ्या पतीचे नाव आहे. ते खोटे आहे. ट्रेलर मी जोडला होता.

आम्ही ब्लूबेरी काढायला निघालो होतो. आर्व्हो माझ्या आईच्या खोलीत तिचा निरोप घेत होता. उशीर होत होता म्हणून मी म्हटले, मीच जोडते. दांड्याचे तोंड गाडीच्या गोळ्यावर बसवले, कडी खाली केली, आणि ती उघडू नये म्हणून खीळ घालणार तोच आमच्या मुलीने, सिल्व्हीने, तिची बादली कुठे आहे म्हणून हाक मारली. मी गेले, बादली दिली, आणि खीळ माझ्या ॲप्रनच्या खिशात राहिली. सिल्व्ही नऊ वर्षांची होती. तेव्हा मुले ट्रेलरमध्ये बसूनच जात, कोणाला काही वाटत नसे. ती मागच्या बाकावर आडवी झाली. उतारावर ट्रेलर सुटला, आधाराची साखळी जुनी होती ती तुटली, आणि तो खाली झाडांत गेला.

शेरीफ येईपर्यंत खीळ माझ्या हातात होती. आर्व्होने ती काढून घेतली आणि तो म्हणाला, “एल्मा, तू बोलायचं नाही. हे तुझ्या नावावर लागलं तर तू जगणार नाहीस. मी जगेन.” मग तो शेरीफकडे गेला आणि त्याने सांगितले, “चूक माझी.”

७. तो जगला, पण कसा ते या गावाने पाहिले आहे. माझ्या आईने पुढे एकोणीस वर्षे त्याच्या हातून कॉफीचा कप घेतला नाही. तिला कॉफी मीच ओतत होते. त्याने सौना, म्हणजे वाफेच्या स्नानाची खोली, तापवून बोलावले की लोकांना घरी काम निघे. फेब्रुवारीत त्याच्या दफनाला आलेल्या एका बाईने दुसरीला हळूच सांगितले की हाच तो, खीळ विसरलेला. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मला ऐकू आले, आणि मी तिला केक वाढला. बेचाळीस वर्षे मी हेच केले आहे.

ट्रेलर त्याने दोन वर्षे खपून पुन्हा उभा केला आणि परसात लावला, तो तिथून हलवला नाही. दर नऊ ऑगस्टला आम्ही दोघे त्यात जाऊन बसत असू. ज्या बाकावर ती झोपली होती त्यावर बसत नसू. मला तो ट्रेलर हवा आहे, महोदय. माझ्याकडे दुसरी जागा नाही जिथे ती होती.

८. तरी विनंती अशी की :

(अ) सदर अहवालातील रकाना सातमध्ये माझ्या पतीच्या नावावर काट मारून माझे नाव लिहावे. तसे झाल्यास मी शपथेवर त्याच दिवशी सही करीन.

(आ) अहवाल इतका जुना असल्याने त्यात बदल करता येत नाही, असे कु. विक्स्ट्रम यांनी फोनवर रडवेल्या आवाजात कळवले आहे. तसे असल्यास मी सही करणार नाही. आर्व्हो आता नाही, आणि त्याच्यावर खोटे लिहून दिलेल्या सहीने मी काही परत नेणार नाही. आपण ट्रेलर चेचावा.

(इ) मात्र त्या परिस्थितीत हा अर्ज अहवालाला टाचून त्याच फाईलमध्ये ठेवावा, म्हणजे पुढे कोणी तो उघडील त्याला एकट्या आर्व्होचेच नाव वाचावे लागणार नाही. आणि १६ तारखेला मला आवारात येऊ द्यावे. मी मध्ये पडणार नाही. त्या वेळी तिच्याजवळ कोणीतरी असावे, एवढेच.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,

एल्मा हायकीनेन
हेमलॉक बे, दि. २ ऑक्टोबर २०२३

सोबत :
१. मालकीचा कागद, मूळ प्रत.
२. खणाच्या तळाचे व कपाटामागचे फोटो, चार.
३. अपघात अहवाल, दि. ९ ऑगस्ट १९८१ (रकाना सात सोडून सर्व खरे).
४. शपथपत्राचा नमुना, सहीविना.