पॅड धरणारी

घाटंजी, रविवार, दिवेलागणीची वेळ

नागपूरले एमएमएच्या, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सारं चालते त्या खेळाच्या सामानाच्या प्रदर्शनात जाऊन आली. एकटीच. माह्यासंग सराव करणाऱ्या शीतलसोबत जायचं ठरलं होतं, पण ती पोलिसात लागली अन् मुंबईले गेली. तवापासून माह्या ठोशांसमोर पॅड धरायले कोणी नाही. कडुलिंबाले टांगलेल्या रेतीच्या पोत्यावर मारते. पण पोतं थोडीच म्हणते, अजून जोरात मार!

एका स्टॉलवर लाल पॅड दिसले. विकणाऱ्या दादानं विचारलं, "पार्टनर कुठं आहे?"

"चहा प्यायले गेली," म्हटलं. काहून खोटं बोलली मी? त्याले काय फरक पडणार होता?

"मग तोवर मीच धरतो," म्हणून त्यानं पॅड हातात चढवले. मी मारलं. कितीक दिवसांनी समोरून कोणाचा तरी हात ठोशाले भिडला. "ताकद जबरदस्त आहे ताई. पार्टनरले सांभाळून मारा." मले तिथंच रडू आलं असतं. तेच पॅड घेऊन निघाली.

घरी आईनं ते उलटेपालटे करून पाह्यले. "हे घालून मारतं काय व तू?"

"नाही. हे समोरचीनं घालायचे असतात."

"मंग समोरची कुठं आहे?"

"चहा प्यायले गेली," म्हटलं.

आई हसली नाही.