कंबर चौतीस

१ डिसेंबर, सोमवार
मेघाचा धुळ्याहून फोन. माझ्या थोरल्या भावाची, नवलभाऊंची मुलगी, आता डॉक्टर. २१ तारखेला, रविवारी, आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये फॅटी लिव्हरचा कॅम्प घेणार. रक्ताच्या तपासण्या मोजक्याच, म्हणून आधी सगळ्यांची कंबर मोजायची. पुरुषांची नव्वद सेंटीमीटर किंवा वर भरली की पुढे रक्त, सोनोग्राफी. मापं घ्यायला एक माणूस आणते म्हणाली. मी म्हणालो, मी जळगावात तीस वर्षं पॅन्ट शिवतोय, कंबर मोजायला बाहेरचा माणूस कशाला?
ऐकलं तिने. फक्त माप कुठे घ्यायचं याचा व्हिडिओ पाठवते म्हणाली.
आला. चार मिनिटांचा. पाहिला नाही. मला टेप शिकवणार?

३ डिसेंबर
अभ्यास सुरू. कटिंगही मी कोणाच्या हाताखाली शिकलो नाही, एक जुनी पॅन्ट उसवून शिकलो. हेही तसंच. खुणा पाच : कंबर, ट्रायग्लिसराइड, चांगलं कोलेस्टेरॉल, उपाशीपोटीची साखर, बीपी. पाचांत तीन बिघडल्या की लिव्हरवर संशय घ्यायचा.
माझी कंबर चौतीस इंच. लग्नात चौतीस, आज चौतीस. म्हणजे ८६.३६ सेंटीमीटर. पहिलीच खूण साफ, बाकीच्या कशाला बघायच्या?
बायकोचं, दिपमालाचं म्हणणं, आधी तुमचंच रक्त द्या. तिला समजावलं की मी कॅम्पचा माणूस आहे, पेशंट नाही. ती नवलभाऊंचा फोटो पुसत होती. भाऊंनी दारूचा थेंब घेतला नाही, तरी त्रेपन्नाव्या वर्षी लिव्हरने गेले. मला मार्चमध्ये त्रेपन्नावं लागेल.
पण भाऊंची कंबर अडतीस. मीच शिवायचो ना. वेगळी केस.

६ डिसेंबर
सरावासाठी समोरचे किराणावाले सुरेशचंद. पायजमा बेंबीवर बांधतात. नाडीवर टेप धरला, १०२. जपून सांगितलं, माणूस हादरायला नको. तर ते हसायला लागले. म्हणाले, "मास्तर, तुमचं पोट पट्ट्याच्या वरून बाहेर येतं, ते कोणाच्या खात्यात टाकायचं?"
किराणा विकणाऱ्याला कटिंग काय कळणार. पॅन्ट जिथे बसते तिथे कंबर.
एक निरीक्षण. हल्ली माझी पॅन्ट पूर्वीपेक्षा खाली बसते. सैल झाली असावी. म्हणजे वजन उतरतंय.

९ डिसेंबर
कॅम्पच्या माणसाने उदाहरण घालून द्यावं, म्हणून पहाटे मेहरूण तलावापर्यंत चालत. धाप लागली. हवा जड होती. परतताना पोहे, वर थोडी शेव, जिलेबी एकच (मोठी). चालण्याने भूक लागते हे कोणीच लिहून ठेवलेलं नाही.
उद्यापासून तेल बंद.

१४ डिसेंबर, रविवार
तेल बंद सोमवारपासून. आज सुपडू आबांच्या वावरात भरीत पार्टी होती. आबा माझे सगळ्यात जुने गिऱ्हाईक, नाही म्हणता येत नाही. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीवर भाजलेली वांगी, लाकडी बडगीत ठेचलेली मिरची, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या.
भरीत म्हणजे वांगं, वांगं म्हणजे भाजी. तेल तळाशी राहतं. मी वरचं वरचंच घेतलं. चार वेळा.
पुऱ्या मोजल्या नाहीत. दिवसभर मापं घेणाऱ्याने जेवताना तरी मोजू नये.
आबा सगळ्यांदेखत म्हणाले, "मास्तर, तुन्हं पोट पहिले वावरमा येस, मांगे तू येस." बठ्ठे हसले. आबांचं वय झालंय, मी मनावर घेतलं नाही. दिपमाला तेवढी हसली नाही.

२१ डिसेंबर, दुपारी
कॅम्प. पांढरा शर्ट, नवा टेप. अठ्ठावन्न पुरुष मोजले. नव्वदच्या वर फक्त सहा, आणि सहाही पायजमा-धोतरवाले. पॅन्टवाले सगळे निरोगी, जेवायला घरी पाठवले. मेघाला सांगितलं, कॉलनी ठणठणीत आहे. ती दारात उभी राहून बाहेर पडणाऱ्यांची पोटं बघत होती. मग विचारलं, काका, तुमची किती? म्हटलं, ८६.३६.
तिने माझ्या हातातला टेप घेतला. मला शर्ट वर करायला लावला. शेवटची बरगडी चाचपली, कमरेचं हाड चाचपलं आणि बरोबर मधोमध टेप धरला. तिथे मी आजवर कोणाचंच माप घेतलेलं नाही.
१०४.
मी म्हणालो, टेप खोटा असेल. ती म्हणाली, अठ्ठावन्न जणांना कसा चालला? मग हळूच, "काका, पप्पांचंही माप तुम्ही पट्ट्याजवळच घ्यायचात ना?"
  टेप गुंडाळत बसलो.

२१ डिसेंबर, संध्याकाळी
सगळ्यांना परत बोलावलं. सुरेशचंद दुकानाच्या पायरीवर उभे राहून हौसेने नावं पुकारत होते. माझं पहिलं. या वेळी मेघाने स्वतः मोजलं. सहाचे एकेचाळीस झाले. लोक जेवून आलेले, म्हणून रक्त उद्या सकाळी उपाशीपोटी. मलाही रांगेत घातलं. मी कॅम्पचा माणूस आहे याची तिला आठवण करून दिली. तिने नंबर एकची चिठ्ठी हातात दिली.

२४ डिसेंबर
ट्रायग्लिसराइड २६८. साखर ११८. बीपी १४४/९२. चांगलं कोलेस्टेरॉल ४१, म्हणजे चाळीसच्या वर, पास. हे मेघाला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, पाचांत चार नापास. सोनोग्राफीत ग्रेड टू.
मी भरिताचं नाव घेतलं. ती म्हणाली, भरिताला आठवडा होऊन गेला होता.
मग म्हणाली, वजन उतरवलंत तर यातून अजून मागे फिरता येतं. पप्पांना हे वेळेवर सांगायला कोणी नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत होतो. धूळ फार आहे जळगावात, डोळ्यांत जाते.

२७ डिसेंबर
दर महिन्याला कंबर कळवायची आहे. व्हिडिओ पाहिला. दोनदा.
स्वतःचं माप स्वतःला नीट घेता येत नाही, म्हणून दिपमालाला टेप दिला. कुठे धरायचा ते सांगायला गेलो, तर तिने आधीच बरोबर जागी धरला होता. तो व्हिडिओ तिने एक तारखेलाच पाहिला होता म्हणे.
मी श्वास आत ओढून उभा राहिलो. अडतीस इंच आलं.
तिने ते लिहिलं नाही. टेप तसाच धरून ठेवला. म्हणाली, "सोडा आता."
सोडला.
एकेचाळीस.