माझ्या बीपीचे चार आकडे

कसबा बावडा, कोल्हापूर
रविवार

थोरले मेव्हणे श्री. विजयसिंह पावणे यांसी,

कृष्णातचा आदरपूर्वक रामराम. आपली तब्येत, वहिनींचे गुडघे आणि भाताची मळणी, तिन्ही मार्गी असावीत. तुमच्या शाहूवाडीच्या डोंगरात फोन लागत नाही (लागला तरी तुम्ही उचलत नाही), म्हणून हे पत्र.

विषय एवढाच की डॉक्टरांनी मला बीपीची गोळी सांगितली आहे, तीही जन्मभराची, आणि ती घ्यायची की नाही याचा निकाल आठवडाभर लागत नव्हता. दोष माझा नाही, यंत्रांचा आहे. दूध संस्थेचा सेक्रेटरी म्हणून तीस वर्षं यंत्रावर दुधाची फॅट काढण्यात गेली. यंत्र कधी थापा मारतं हे मला कुणी शिकवू नये. (यंत्र खोटं बोलत नाही, असं मी दूध घालणाऱ्यांना रोज सुनवायचो, पण ते यंत्र संस्थेचं होतं.)

पहिलं डॉक्टरांचं, पाऱ्याचं. दोन तास बाकावर बसवून ठेवलं, त्यात नंबरावरून एका गृहस्थाशी माझी जुंपली, आणि आत जाऊन टेकतोय तोवर दंडाला पट्टा. एकशे सत्तर. अहो, त्या क्षणी माझं नाही तर कुणाचं वाढणार होतं? दुसरं मेडिकल दुकानातलं, बटणाचं. दुकानदारानं स्वेटरवरूनच पट्टा गुंडाळला आणि पाच मिनिटं गप्प बसा म्हणाला. पावणं, कोल्हापुरात पाच मिनिटं गप्प बसलेला माणूस तुम्ही पाहिला आहे का? शेजारचं गिऱ्हाईक विचारतंय, यंदा उसाला तोड कधी, आणि मी काय मुका आहे? बोललो. आकडा आला एकशे बावन्न. तिसरं यशराजचं घड्याळ. (तुमचा हा भाचा कागलच्या एमआयडीसीत लागल्यापासून रात्री झोप लागली का, हेसुद्धा सकाळी घड्याळाला विचारतो.) त्यानं माझं एकशे अठरा दाखवलं. फार समंजस वाटलं मला ते घड्याळ. पण सवय वाईट. तपासावं म्हणून उशीला बांधलं, तर उशीचंही एकशे अठरा.

चौथं, तुम्ही प्रेमानं पाठवलेलं, मनगटावरचं. रागावू नका, पण ते यंत्र नव्हे, खेळणं आहे. हात खाली सोडला की एकशे पंच्याहत्तर, डोक्यावर धरला की एकशे वीस. हात छातीच्या उंचीला धरावा, असं सोबतच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलंय म्हणे. मी हात कुठं धरतो यावर ज्याचं मत बदलतं, त्याच्या मतावर मी लोणचं सोडायचं?

रोज चहाला बसलं की मी हे सगळं तुमच्या बहिणीला समजावून सांगत आलो. यंत्रं कशी भंपक, डॉक्टर कसे त्या यंत्रांचे गुलाम. शालूनं एकदाही वाद घातला नाही, म्हणजे पटलंच असणार. तर निकाल असा: गोळी बंद, लोणचं चालू, तुमचं यंत्र माळ्यावर.

आपला,
कृष्णात

ता. क. आज मंगळवार. पत्र टाकायचं राहून गेलं. संस्थेत यंत्राचा संशय आला की ज्याची फॅट पक्की ठाऊक आहे असं दूध त्यात घालून बघायची आमची रीत. आमच्या घरात पक्कं माणूस म्हणजे शालू. चाळीस वर्षांत डोकं दुखतंय असंही म्हणाली नाही. एकदाची यंत्रं उघडी पाडावीत म्हणून काल तिला चारही ठिकाणी बसवलं. घड्याळ एकशे अठरा म्हणालं. (उशीला म्हणालं तेच.) बाकीच्या तिघांनी एकशे नव्वदच्या आसपासचा आकडा दाखवला. स्वेटर नव्हता, भांडण नव्हतं, हात छातीशी होता, आणि ती एक शब्द बोलली नव्हती.

ता. क. दुसरा. डॉक्टर शालूला म्हणाले, आजच गोळी सुरू करा, नाहीतर झटका येईल. पण ही घेत नाही. "तुमीच म्हणालासा की, सगळी मशीनं खोटी हाईत," एवढं बोलली आणि भाकरी थापायला बसली. कालपासून मी माझी गोळी तिच्यादेखत घेतो. ती मला पाणी आणून देते आणि स्वतःची गोळी फळीवर तशीच ठेवते. पावणं, मला भीती वाटते. थोरल्या भावाचं ती ऐकते. मळणी राहू द्या, पहिली एसटी धरा आणि तुमचं यंत्र बरोबर आहे हे तिला तुमच्या तोंडानं सांगा. मी सकाळी सांगून बघितलं. ती म्हणाली, "आता सांगतायसा ते खरं, का आठवडाभर सांगत हुतासा ते?"